जुनी गाडी दुरुस्त करूनही परत परत तापतेय? आधी ती कधी तापते ते बघा

रेडिएटर नवा टाकला, वॉल्व्ह (थर्मोस्टॅट) काढून टाकला, फॅन डायरेक्ट (कायम चालू राहील असा) केला, कूलंट भरलं, तरी गाडी तापतेच, आता काय करू? असं विचारणारे लय जण भेटतात आणि बहुतेकांच्या गाड्या पंधरा-वीस वर्षं नाहीतर त्याहून जुन्या, म्हणजे मारुती ८००, झेन, इंडिका, सुमो, एखाद्या शौकिनाची पद्मिनी. मी उलटा एकच प्रश्न विचारतो, गाडी तापते कधी? उत्तर ठरलेलं, "कधी पण तापते हो." कधी पण तापत नसते मंडळी. सिग्नलला उभी असताना तापते का जोतिबाचा चढ चढताना, चालू केल्यावर पाच मिनिटांत तापते का हायवेला तासभर पळवल्यावर, एवढं जरी नीट सांगता आलं तरी निम्मं निदान झालं समजा, आणि ते न बघता पार्ट बदलत सुटलं की खिसा रिकामा होतोय आणि काटा परत वर.

म्हणून आधी आठवडाभर मोबाईलमध्ये टिपून ठेवा. काटा वर गेला तेव्हा गाडी चालत होती का उभी, एसी चालू होता का, फॅनचा आवाज येत होता का, आणि रोज सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरमध्ये आणि त्याला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या डबड्यात पाणी किती उतरलंय. ही सकाळची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण पाणी कमी होऊन तापणारी गाडी आणि पाणी भरलेलं असूनही तापणारी गाडी ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतून गाडी काढायची सवय लागली की हा फरक कळतच नाही.

पुढं जायच्या आधी एक सांगून ठेवतो. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरून हळूच वगैरे पण नाही. आत दाबाखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण सैल झालं की ते वाफ होऊन थेट तोंडावर येतंय. रस्त्यात काटा लाल रेषेकडं निघाला तर एसी बंद करायचा, हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर फुल्ल (मे महिन्यात घाम निघेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो खेचून घेतो), आणि बाजूला घेऊन थांबायचं. वाफ येत असेल किंवा पाणी गळत असेल तर इंजिन लगेच बंद. अर्धा-पाऊण तास तरी हात लावायचा नाही, आणि तापलेल्या हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) गार पाण्याची बादली तर चुकूनही ओतायची नाही, बहुतेक हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वाकतंय नाहीतर चीर जाते.

आता गाडी खरंच तापतेय का ते बघू. जुन्या गाडीत काटा खोटं पण बोलतो. सेन्डरची (काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरची) वायर सैल, नाहीतर अर्थिंग खराब असलं की हेडलाईट लावल्यावर काटा हलतोय, ब्लोअर लावल्यावर हलतोय, म्हणजे तो वायरिंगचा घोळ. याच्या उलट जास्त धोक्याचं म्हणजे पाणी पार संपलं की सेन्डरभोवती पाणीच राहत नाही, मग काटा खाली येऊ शकतो आणि ड्रायव्हर खूश की गाडी गार झाली, आणि इकडं हेड भाजून निघतंय. म्हणून काटा आधी वर जाऊन अचानक पडला तर आनंद मानायचा नाही, गाडी थांबवायची. शंका असेल तर बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो तो घेऊन थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या पाईपवर आणि खालच्या पाईपवर मापं घ्या. ते यंत्र घरात असावंच असं माझं मत आहे, एका चुकीच्या दुरुस्तीत त्याचे पैसे वसूल होतात.

आता पहिला प्रकार. गाडी उभी असताना, ट्रॅफिकमध्ये, आमच्या कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला नाहीतर महाद्वार रोडच्या गर्दीत तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की गार होते. हे जवळजवळ कायम फॅनचं काम. गाडी पळताना समोरून वारा मिळतो म्हणून भागतं, उभी राहिली की वारा फक्त फॅनचा. इंजिन चालू ठेवून उभं राहा, बहुतेक पेट्रोल गाड्यांत ९५ डिग्रीच्या आसपास फॅन लागला पाहिजे. नाही लागला तर आधी फ्यूज, मग रिले (बाजूला तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा), मग फॅनचा कनेक्टर काढून बॅटरीवरून सरळ बारा व्होल्ट द्या. सरळ दिल्यावर फिरला तर मोटर बरी आहे, दोष स्विचचा, रिलेचा नाहीतर वायरिंगचा. जुन्या गाडीत रेडिएटरला दोन वायरचा स्विच असतो, त्याचा कनेक्टर काढून दोन्ही टोकं जोडली आणि फॅन फिरला तर स्विच गेला, विषय संपला. हे सगळं करताना हात आणि गळ्यातला मफलर फॅनपासून लांब ठेवा, तो कधी पण लागतो.

मोटरचे ब्रश झिजलेले असले की एक गंमत होते, गार असताना फॅन फिरतो, तापल्यावर अडून बसतो, आणि लाकडी दांडक्यानं मोटरच्या अंगावर टिचकी मारली की परत सुरू. मिस्त्रीकडं नेईपर्यंत तो शहाण्यासारखा फिरत असतो म्हणून सापडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर स्वस्तात विकल्या गेल्या, त्यातली एखादी तुमच्याकडं असेल तर फॅनची मोटर आणि खालचे सगळे कनेक्टर उघडून बघाच, आत हिरवा गंज चढलेला असतो आणि वायर वरून चांगली दिसते.

फॅन फिरतोय म्हणजे काम करतोय असं पण नाही. एक साधा कागद घ्या, वहीचं पान चालेल, फॅन चालू असताना समोरच्या जाळीपुढं रेडिएटरला लावा. फॅन रेडिएटरच्या मागं इंजिनच्या बाजूला असतो आणि समोरून हवा ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे. कागद खाली पडला तर ओढ कमी आहे, आणि उडून पुढं आला तर मोटर बदलताना दोन वायरी उलट जोडल्यात, फॅन उलटा फिरतोय आणि समोरच्या वाऱ्याशी कुस्ती खेळतोय. फॅनच्या भोवतीचं प्लॅस्टिकचं कवच कुणीतरी काढून फेकलेलं असेल तरी ओढ जाते, ते भंगारातून शोधून आणून बसवा. सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांत फॅन इंजिनच्याच जोरावर फिरतो, तिथं पट्टा सैल आहे का आणि फॅनचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर फॅनला पकडून फिरवणारा भाग) गेलाय का ते बघायचं, गरम इंजिन बंद केल्यावर फॅन हातानं एकदम मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला.

दुसरा प्रकार, आणि आपल्याकडं हाच जास्त. गावात कितीही फिरवा काही होत नाही, चढ लागला की काटा वर. कोल्हापूरहून कोकणात जाताना हे कळतच नाही कारण करूळ घाट म्हणा, फोंडा म्हणा, आंबा म्हणा, जाताना सगळा उतार. येताना चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू, आणि गगनबावड्याला वर येईपर्यंत बॉनेटमधनं वाफ. तसंच पन्हाळ्याच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायची वेळ आली की होतं, इंजिन जोरात आणि वारा काहीच नाही. इथं फॅन बदलून उपयोग नाही. फॅन फिरत असूनही तापते म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही.

आधी बाहेरून बघा. एसीचा कंडेन्सर पुढं आणि रेडिएटर मागं, त्या दोघांच्या फटीत काय काय साठलेलं असतं विचारू नका, धूळ, किडे, उसाच्या तुऱ्याचा कापूस, कारखान्याकडच्या रस्त्याला पाचटाचे तुकडे. समोरून जाळी एकदम स्वच्छ दिसते. वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागं ओढला की आत गोधडीचा थर दिसतो. साध्या नळाच्या पाण्यानं मागून पुढं धुवायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला की पत्र्याच्या पट्ट्या आडव्या होतात आणि मग वाराच जात नाही.

मग आतून. गाडी गरम करून बंद करा आणि थर्मामीटरनं रेडिएटरवर ठिकठिकाणी मापं घ्या. पाणी ज्या बाजूनं आत येतं तिथून बाहेर जाण्याच्या बाजूला तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून मिळतं आणि चांगला रेडिएटरवाला असेल तर नव्यासारखा होतो. अ‍ॅल्युमिनियमचा प्लॅस्टिक टाकीवाला असेल तर रॉडिंगच्या नादाला लागू नका, नवाच टाका.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं सांगतो, कारण हे सहसा कुणी बघत नाही. रेडिएटर नवा, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) नवी, फॅन बरा, गावात काटा निम्म्यावर स्थिर, आणि घाटात दहा मिनिटांत वर. शेवटी बॉनेट उघडून मी खालच्या पाईपवर टॉर्च धरली आणि त्याला अ‍ॅक्सिलेटर दाबायला सांगितला. रेस वाढली तसा खालचा पाईप मधोमध चपटा होत गेला, पार चिमटीत धरल्यासारखा, आणि रेस सोडली की परत फुगून गोल. वॉटर बॉडी खालच्या पाईपमधून पाणी ओढते, जास्त रेसला ओढ वाढते, आणि पाईप मऊ झाला असला किंवा बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत असणारी स्प्रिंग कुठल्यातरी कामात काढून ठेवलेली असली तर पाईप मिटतो आणि पाणी बंद. गावात एवढी रेस लागतच नाही. स्प्रिंगसकट पाईप टाकला, झाकण पण बदललं कारण ते दाब धरत नव्हतं आणि दाब नसला की पाईप आणखी लवकर मिटतो. वॉटर बॉडी उघडलीच तर तिचा आतला पंखा पण बघा, साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत त्याची पाती गंजून नुसती बुडखी राहिलेली असतात, बाहेरून बेअरिंग एकदम ठणठणीत.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत टायमिंग मागं गेलं असेल (ठिणगी उशिरा पडत असेल) किंवा मिक्श्चर फार पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) लावलं असेल तरी चढाला तापते. आणि ब्रेक धरून राहतोय का, क्लच घसरतोय का ते पण बघा, म्हणजे दोष कूलिंगचा नसून इंजिनवर फुकटचं ओझं आहे असंही निघतं.

झाकणाकडं येऊ, कारण सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. झाकण नुसतं झाकण नाही, त्यात दोन वॉल्व्ह आहेत. एक दाब धरतो, दुसरा इंजिन गार झाल्यावर डबड्यातलं पाणी परत आत घेतो. त्याच्यावर बऱ्याचदा ०.९ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढा बार दाब जास्त. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. चांगल्या झाकणाखाली तेच पाणी ११८ च्या आसपासपर्यंत उकळत नाही. आता विचार करा, फॅन लागतो ९५ ला, आणि झाकणाचं रबर चिरलेलं असलं तर ९८ ला आत बुडबुडे, म्हणजे फॅन लागायच्या तोंडावरच पाणी उकळून डबड्यात जातंय. डबडं भरून वाहतं आणि गार झाल्यावर पण पाणी परत रेडिएटरमध्ये येत नाही, ही खूण. आणि रात्री गार झाल्यावर वरचा पाईप चपटा होऊन बसला असेल तर दुसरा वॉल्व्ह चिकटलाय. दोन्ही केसमध्ये झाकण बदला, त्याच आकड्याचं, जास्त आकड्याचं लावून शहाणपणा करू नका, जुना रेडिएटर फुटतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे आपला वॉल्व्ह, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा. "आपल्याकडं गरमच असतंय, वॉल्व्ह लागतोय कशाला" हे वाक्य निम्म्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं आणि मला ते अजिबात पटत नाही. एक तर इंजिन कायम थंड चालतं, इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑईलमध्ये चिकटा धरतो. दुसरं म्हणजे बऱ्याच इंजिनांत वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. वॉल्व्ह काढला की ती वाट कायम उघडी, गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात, म्हणजे गाडी तापू नये म्हणून वॉल्व्ह काढला आणि चढाला ती जास्त तापायला लागली. संशय असेल तर काढून तपासा, फेकू नका. पातेल्यात पाणी घ्या, वॉल्व्ह दोऱ्यानं लटकवा, थर्मामीटर सोडा आणि गॅसवर ठेवा. वॉल्व्हवर ८२ किंवा ८८ छापलेलं असतं, त्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि पुढं पाणी उकळेपर्यंत जवळजवळ पूर्ण उघडला पाहिजे. (पातेलं परत स्वयंपाकाला वापरणार नाही एवढं घरात आधीच सांगून ठेवा.) न काढता बघायचं तर गार इंजिन चालू करून वरच्या पाईपला हात लावून बसा, काही मिनिटं तो कोमटच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू तापत गेला तर वॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा नाहीच, काटा वर गेला तरी पाईप गारच असेल तर बंद अडकलाय नाहीतर आत हवा आहे.

पाणी कोणतं भरता हा पण मोठा भाग. बोअरचं पाणी बादलीच्या कडेला पांढरा थर सोडतं, तोच थर इंजिनच्या पाण्याच्या वाटांमध्ये बसतो आणि वर गंज. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, तयार मिक्स मिळतं ते असेल तर त्यात परत पाणी घालायचं नाही. हिरवं आणि गुलाबी एकात एक ओतू नका, जात वेगळी असली की चिखलासारखा गोळा होऊ शकतो.

आता पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही, हा तिसरा प्रकार. वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथं पांढरा-हिरवा ओघळ वाळलेला दिसला तर सील गेलंय. पुढच्या सीटखालचं मॅटिंग ओलं आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटरची जाळी. इंजिनच्या मागं सायलेन्सरच्या बाजूला ब्लॉकला पत्र्याच्या गोल टोप्या असतात, त्या गंजून सुईएवढं भोक पडतं आणि पाणी गरम लोखंडावर पडून तिथंच उडून जातंय, खाली थेंब पण दिसत नाही. म्हणून गार इंजिनला प्रेशर टेस्टर लावून हातपंपानं झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब भरून ठेवायचा आणि टॉर्च घेऊन शोधायचं. हळद टाकायचा सल्ला पण मिळेल. शेजारीच सांगली, हळदीला काय तोटा. बारीक भोक बुजतं हे खरं, रस्त्यात अडकलात तर घरी पोचायला ठीक, पण तीच हळद नंतर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या पण बुजवते, मग गळती बंद आणि तापणं सुरू.

हे सगळं बरं निघालं आणि तरी पाणी जातंय, किंवा चालू केल्यावर पाच मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक होतोय, तर हेड गॅस्केटकडं (हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पॅकिंगकडं) बघायचं. गार इंजिन, झाकण काढून, पाणी काठापर्यंत भरून चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. थांबतच नाहीत आणि रेस दिल्यावर वाढतात तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. कन्फर्म करायला निळ्या औषधाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, निळं पिवळं पडलं तर गॅस आहे. ऑईल चहासारखं झालं असेल तर प्रश्नच नाही, पण पावसाळ्यात रोज दोन किलोमीटरच गाडी फिरवणाऱ्यांच्या ऑईलच्या झाकणाखाली नुसता पांढरा फेस धरतो तो वाफेचा असतो, तेवढ्यावरून हेड उघडू देऊ नका, डिपस्टिकवरचं ऑईल बघा.

हेड उघडलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू नका. परत परत गॅस्केट उडणाऱ्या गाड्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. हेड उद्यमनगरात मशीनच्या कामवाल्याकडं नेऊन सरळपट्टी आणि फीलर गेजनं बाक मोजून घ्या, छोट्या इंजिनांना साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर बाक चालत नाही, म्हणजे डोळ्यानं बघून "सरळ आहे की" म्हणण्यात काही अर्थ नाही. दाबाखाली चीर तपासायला सांगा, मगच फेसिंग (तळ घासून सपाट करणं). ब्लॉकची वरची बाजू पण मोजायला लावा. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच.

आणि कुठलंही काम झालं की पाणी भरताना हवा काढायची, निम्म्या नव्या दुरुस्त्या इथंच वाया जातात. गाडीचं तोंड थोडं चढाला, हीटर गरमवर, गार इंजिनला झाकण काढून चालू करायची, पाणी हळूहळू भरत राहायचं, मधनं मधनं वरचा पाईप दाबायचा म्हणजे हवा वर येते. वॉल्व्ह उघडला की पाणी एकदम खाली बसतं, तेवढं भरून झाकण लावायचं आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं. हीटरमधनं गार वारा येत असेल तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून पातळी बघा, उतरली असेल तर भरा, आणि सलग चार-पाच सकाळी तीच राहिली की मगच कोकणचा बेत करा.